चांदीची मोटार

मला मोटार चालवता येत नाही आणि आपली एखादी मोटार असावी असे कधी वाटलेही नाही. तरी एका मोटारीचे नाक, खांदा आणि शेपूट मला आजही डोळे मिटून काढता येते. घरातल्या कोणाचाही चेहरा मला असा काढता येणार नाही. त्यांच्याकडे मी इतके निरखून कधी पाहिलेच नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

इंग्रजांच्या अमलातली गोष्ट. मी काशीत एका शाळेत चित्रकला शिकवत होतो, म्हणजे मुलांकडून तांब्या काढून घेत होतो. पाचवीला तांब्या, सहावीला तांब्या आणि पेला, सातवीला तांब्या, पेला आणि त्यांची सावली. इतक्या वर्षांत मला तांब्याचा वीट आला होता आणि तांब्यालाही माझा आला असावा. राहायला मंगला गौरीच्या देवळाजवळ, थोरल्या भावाच्या घरात. दादा वैदिक होता. आमचे घराणे दक्षिणेतल्या काही संस्थानिकांचे काशीतले उपाध्ये. त्यांच्यापैकी कोणी आले की स्नान, श्राद्ध, दान सगळे दादाच्या हातून व्हायचे. घरात मीच एक मुंबईला जाऊन चित्रे काढायला शिकून आलो होतो. पाहुण्यांसमोर त्याचा उल्लेख लहानपणी येऊन गेलेल्या देवीच्या आजारासारखा होत असे: झाले होते खरे, पण आता बरा आहे.

अशाच एका संस्थानाचे महाराज काशीवासाला आले. काशीवास म्हणजे मरण काशीत यावे म्हणून इथे येऊन राहणे. आमच्या गल्लीला ते नवे नव्हते. त्यांचे संस्थान सकाळी सायकलवर निघालेल्या माणसाने जेवणाआधी पार करावे एवढे होते. नावामागच्या पदव्या वाचायला मात्र त्याहून थोडा अधिक वेळ लागे. त्यांना घाटावर चांगली हवेली मिळत होती, ती त्यांनी नाकारली आणि शहराबाहेर सिगऱ्याकडे एक कोठी भाड्याने घेतली. कारण घाटापर्यंत मोटार जात नाही. मरायला आलेल्या माणसाने मोटारीपायी गंगा सोडावी, यावर आमच्या गल्लीत महिनाभर चर्चा चालली.

मोटार रेल्वेच्या बंद वाघिणीतून आली. दोनच आसनांची, शर्यतीच्या जातीची, परदेशात बांधलेली. महाराजांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि पायांना सूज. तरी रोज पहाटे ते स्वतः ती चालवत सारनाथच्या रस्त्याला जात, शेजारी राणीसाहेबांना घेऊन. शर्यतीची ती गाडी एका घोड्याच्या एक्क्याच्या चालीने जायची आणि मागून येणारे भाजीवाले तिला ओलांडून पुढे जायचे, असे दादा सांगे. हे असे सात-आठ महिने चालले. मग महाराज वारले.

इथे एक रीत सांगावी लागेल. मेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर लागतील म्हणून अकराव्या दिवशी वस्तू दान देतात: बिछाना, छत्री, जोडा, भांडी. मेलेला राजा असेल तर वाहनही देतात, आणि तेही त्याच्या आवडीचे. पूर्वी घोडे दिले गेले आहेत, एकदा हत्तीही दिला गेला आहे. हे दान साध्या ब्राह्मणाने घ्यायचे नसते, घेतले तर त्याची पंगत सुटते. ते घेणारी वेगळी घराणी आहेत, त्यांना इथे महापात्र म्हणतात. लोक त्यांना वस्तू देतात आणि त्यांची सावली चुकवतात. महापात्र ती वस्तू घरी नेतो, नाहीतर विकतो. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

अकराव्या दिवशी बिछाना होता, छत्री होती, जोडा होता. मोटार नव्हती. ती छावणीतल्या एका कारखान्यात दुरुस्तीला गेली आहे, असे धाकट्या महाराजांनी सांगितले. धाकटे महाराज म्हणजे वारलेल्यांचा मुलगा, बावीस-तेवीस वर्षांचा, नुकताच गादीवर आलेला. मोटारीला काहीही झालेले नव्हते. दादाच्या ते लक्षात आले, पण यजमानाच्या मोटारीची तब्येत उपाध्यायाने तपासायची नसते. वाहनाचे दान वर्षश्राद्धाला देऊ, असा संकल्प त्याने सोडला आणि तो मोकळा झाला.

वर्षश्राद्धाला दोन महिने राहिले तेव्हा कोठीवरून बोलावणे आले. जाताना दादाने मलाही बरोबर घेतले. एक्क्यात मी विचारले, "माझं काय काम?"

"चित्र काढायचं काम आहे. तुझ्या शिक्षणाचा घराण्याला पहिल्यांदा उपयोग होतोय. तोंड जरा बरं कर."

कोठीच्या ओसरीवर बांबूच्या पट्ट्यांचा चिकाचा पडदा सोडलेला होता आणि त्याच्याआड राणीसाहेब बसल्या होत्या. सगळे त्यांना आईसाहेब म्हणत. बाहेर खुर्चीवर धाकटे महाराज. त्यांनी मुद्दा मांडला. गाय नसेल तर गायीच्या जागी नाणे ठेवतात, घोड्याच्या जागी चांदीचा घोडा देतात. शास्त्रात तशी सोय आहे. मग मोटारीच्या जागी चांदीची मोटार का नको? काशीत कारागीर काय कमी आहेत?

दादा म्हणाला, "सोय आहे."

आतून आवाज आला. "सोय कोणाची?"

दादाने उपरणे सारखे केले.

"त्यांचे पाय सुजायचे," आईसाहेब म्हणाल्या. "अंगणातून देवघरापर्यंत चालवत नव्हतं. वर्ष होत आलं. ते चालतायत."

हे त्यांनी आपल्या दारातून दिसणाऱ्या माणसाविषयी बोलावे तसे सांगितले. मी असल्या गोष्टी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. पण माझी नजर माझ्या स्वतःच्या पायांकडे गेली.

"आईसाहेब, चांदीची दिली तरी पोचते," दादा म्हणाला.

"पोचत असेल. पण ती मला त्यांची मोटार वाटली पाहिजे. उद्या बाजारातलं खेळणं आणून ठेवलंत तर मी मोठीच देईन. हे आत्ताच सांगते, मागून रुसू नका."

धाकटे महाराज मला फाटकापर्यंत पोचवायला आले. संस्थानिक स्वतः पोचवायला येतो तेव्हा काहीतरी अडलेले असते. ते म्हणाले, "मास्तर, त्या महापात्रानं गिऱ्हाईक आत्ताच ठरवून ठेवलंय. बर्फवाला आहे कोणी. मागची बाजू कापून फळ्या ठोकणार आणि बर्फाच्या लाद्या वाहणार. माझ्या माणसानं त्याच्या तोंडून ऐकलं."

"बर्फ तर लोकांना लागतोच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी उरलेला विनोद गिळला. "या, आधी बघा तरी," असे म्हणून ते मला मागच्या पडवीत घेऊन गेले.

आता माझे मोटारींविषयीचे मत सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. काशीत तेव्हा मोटारी होत्या त्या जमीनदारांच्या. एकाच्या भोंग्याला वाघाचे तोंड, दुसऱ्याच्या दिव्यांना चांदीचा मुलामा, तिसऱ्याने आत झुंबर लावलेले. चाके लावलेली सिंहासने ती. कलेक्टर आला की ती स्टेशनाबाहेर रांगेने उभी राहत, आत घामाघूम मालक. गल्लीत त्यांचे काही चालत नसे. गल्लीत पहिला मान सांडाचा. मला वाटले, ही त्यांतलीच एक असणार, जरा बुटकी.

पडवीत आडवे ऊन येत होते. गाडीचा रंग पारव्याच्या पाठीसारखा. कुठे नक्षी नाही, चिन्ह नाही, संस्थानच्या मुद्रेतले मोर्चेलसुद्धा नाही. पुढचे तोंड अरुंद आणि उभे. बॉनेट लांबच लांब, त्यावरून दोन चामडी पट्टे आवळलेले. बॉनेटच्या बाजूला हवेसाठी कापलेल्या फटी होत्या, त्या सरळ उभ्या नव्हत्या. वाऱ्यातल्या गवतासारख्या सगळ्या मिळून थोड्या मागे झुकल्या होत्या. आसनांच्या मागे दोन्ही बाजू हळूहळू जवळ येत एका धारेत मिटत होत्या, नावेचे टोक मिटते तशा. मी चांगली वस्तू पाहिली की आधी तिच्यात खोट शोधतो. तेवढा वेळ मिळाला म्हणजे मग ती आवडली तरी कमीपणा वाटत नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत शोधली. नंतर घरी आलो आणि नीट जेवलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी सिगऱ्याला जाऊ लागलो. पायी जायचे, पायी यायचे. सुती दोरीने मापे घेतली. दोरीचे दुसरे टोक धाकटे महाराज धरत. पडवीत बसून बाजू काढली, तोंड काढले, पाठ काढली. माप केसभरही चुकलेले नव्हते. तरी कागदावर जे उतरे ते गाडी नसे. धाकटे महाराज मागून वाकून बघत.

"मास्तर, ही मोजडी झाली."

खरोखरच मोजडी झाली होती, लखनवी.

तीन आठवडे मी मोजड्या काढल्या. शाळेत तांब्या, सिगऱ्यावर मोजडी. त्या काळातला थकवा मला अजून आठवतो. पाठीत होता तसाच डोळ्यांतही होता. घरी विचारत, एवढे काय चालले आहे? काय सांगणार? एका श्रीमंत पोराची शर्यतीची गाडी बर्फवाल्याच्या करवतीतून वाचवतो आहे, आणि ती वाचवण्यासारखी आहे असे मला वाटते, हे आमच्या घरात कोणत्या तोंडाने बोलावे? तेव्हा देशात लोक तुरुंगात जात होते. मी मोटारीची कंबर मोजत होतो.

एके दिवशी कंटाळून मी तिच्यात जाऊन बसलो. धाकटे महाराज नेहमी म्हणत, चला एक फेरी मारू. मी म्हणे, मला उभ्या गाडीचे चित्र काढायचे आहे. त्या दिवशी ते नव्हते. मी डावीकडच्या आसनावर बसलो आणि हात सहज दाराच्या काठावर गेला. तिथे काठ किंचित खाली आला होता. कोपर तिथे असे बसले की ते तिथलेच असावे. मी खाली उतरलो, दहा पावले मागे गेलो आणि पाहिले. तोंडापासून निघालेली रेषा बॉनेटवरून सरळ येते, दारापाशी जराशी वाकते, आसनांमागे पुन्हा चढते आणि मग शेपटीत उतरून जाते. ते वाकणे मी रोज मोजत होतो, पण मोजून कागदावर ठेवत होतो, जसा खड्डा ठेवतात. तो खड्डा नव्हता. अंगठा डोळ्यासमोर धरून तेवढा भाग झाकला तेव्हा उरलेला नुसता पत्रा दिसला. अंगठा काढला की गाडी परत आली. ज्या कोणी ती बांधली त्याने पहिल्यांदा दोन माणसांचे हात ठेवले होते आणि मग त्या हातांच्या भोवती सगळा वेग रचला होता.

आमच्याकडे देवळांविषयी, मूर्तींविषयी मी खूप वाचले आहे, आणि त्यातल्या बऱ्याच लिहिणाऱ्यांनी मूर्तीकडे न पाहता लिहिले आहे असा माझा संशय आहे. या वस्तूविषयी कोणी काही लिहिलेले मला माहीत नव्हते. त्यामुळे मला पाहावे लागले. त्या दिवशी काढलेले चित्र मोजडी झाले नाही. धाकट्या महाराजांनी ते हातात घेतले, बराच वेळ धरले आणि पहिल्यांदाच मोजडीचे नाव काढले नाही. "आबासाहेब दिसतात यात," ते वडिलांविषयी म्हणाले.

आता ठठेरी बाजारातला कारागीर. चांदीच्या पत्र्यावर ठोकाई करणारा, पिढीजात, देवळांसाठी गरुड, मोर, हंस घडवणारा. वय साठीच्या पुढे. त्याने चित्र पाहिले, उलटे करून पाहिले, आणि विचारले, "बेल-बूटा कहाँ है, मास्टर साहब?"

मी म्हणालो, वेलबुट्टी नाही. सपाट ठेवायची.

"सादी चाँदी दें तो लोग कहेंगे कारीगर सो गया था."

मी सांगितले की मूळ गाडी सादीच आहे. तो म्हणाला, मूळ गाडी लोखंडाची आहे, लोखंडाला लाज नसते. चांदी कोरी ठेवली तर ती उघडी दिसते. शिवाय राजाला बिना छत्राचे कसे बसवायचे? त्याने एक लहानसे छत्र सुचवले, चार खांबांवर. पुढे दोन घोडे जोडले तर शोभा येईल, असेही म्हणाला. मी नको म्हणालो. तो म्हणाला, एक घोडा?

आठवडाभर आमचे असेच चालले. त्याने बॉनेटवर कमळांची एक ओळ ठोकूनही टाकली. मी ती मोडायला लावली. त्याने ते केले, पण मग दोन दिवस माझ्याशी न बोलता पान खात बसला. मला त्याचा राग येत नव्हता. त्याच्या जागी तो बरोबर होता. गरुडाच्या पाठीवर पिसे न काढणारा कारागीर कामचुकारच समजायला हवा. शेवटी दिवस थोडे उरले तेव्हा मी त्याला एक्क्यात घालून सिगऱ्याला नेले. म्हटले, एकदा हात लावून बघ.

त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. चेहऱ्यावर काही नाही. मग चष्मा खिशात ठेवला, खाली बसला आणि पुढच्या चाकावरच्या मडगार्डच्या आतून हात घातला. वरून तो पत्रा पाण्यासारखा गुळगुळीत होता. आतून त्याचा हात थांबत थांबत सरकत होता. मग त्याने माझा हात ओढून तिथे ठेवला. आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढे लहान लहान चट्टे लागत होते, शेकडो, एकाला एक लागून.

"हथौड़ी," तो म्हणाला. "ये मशीन का काम नहीं है. ठोक-ठोक के निकाला है. अपनी बिरादरी का आदमी है कोई."

मी इतके दिवस तिथे काढले होते आणि त्या बाजूला हात घातला नव्हता. चित्रकाराला आतली बाजू नसते.

कारागीर बराच वेळ तिथेच बसून राहिला. कुठल्याशा परदेशी शहरात कोणा माणसाने इतका पत्रा ठोकला आणि वरून एक चट्टा दिसू दिला नाही, हे त्याला पटवून घ्यावे लागत होते. परत येताना एक्क्यात तो म्हणाला की या माणसाला नक्षी येत नव्हती असे म्हणता येणार नाही. त्याने ती काढली नाही. मग आपण काढणारे कोण?

त्यानंतर मी त्याच्या दुकानात जाऊन नुसता बसे. त्याने मला काही विचारले नाही आणि मी काही सांगितले नाही. पत्रा आतून ठोकत, पुन्हा पुन्हा तापवत त्याने तोंड काढले, बॉनेट काढले, फटी कापल्या, त्या मागे झुकवल्या. दाराच्या काठाशी तो तीन दिवस अडून राहिला. चौथ्या दिवशी तिथे रेषा वाकली. मी मान हलवली. त्याने पान तोंडात टाकले. माझ्या आयुष्यात कोणाशी माझे इतके पटले असेल तर ते त्या दिवसांत, आणि तेही एका शब्दावाचून.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही ती घेऊन कोठीवर गेलो. हातभर लांब, मुलायम कापडात गुंडाळलेली. दादा, धाकटे महाराज, मी आणि कारागीर. धाकट्या महाराजांनी ती स्वतः उचलून चिकाच्या पडद्याखालून आत सरकवली.

आत कापड सोडल्याचा आवाज आला. धाकटे महाराज माझ्याकडे पाहत होते आणि मी खांबाकडे.

"मास्तर," आतून आवाज आला.

"जी, आईसाहेब."

"हे दाराशी वाकलंय ते तुम्ही मुद्दाम ठेवलंत?"

"मूळ गाडीत आहे तसंच आहे."

"माहीत आहे मला. माझा हात असायचा तिथे. सारनाथच्या रस्त्याला कोणी ओळखत नव्हतं आम्हाला. मी डोक्यावरचा पदर मागे सोडायची. उभ्या जन्मात तेवढे महिने." चांदीवर नख घासल्याचा आवाज आला. "त्यांना बाजूचं दिसत नसे. मी सांगायची, डावीकडे बैल आहे, आता खड्डा आहे. ते म्हणायचे, तुम्हीच चालवताय की हो."

धाकट्या महाराजांना हे ठाऊक नसावे. ते उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

"तीच आहे," आईसाहेब म्हणाल्या. "खेळणं नाही. माझ्या बोलण्यात खोट नाही, तीच आहे."

धाकट्या महाराजांनी सुस्कारा सोडला. कारागिराने माझ्या पाठीवर हलकेच बोटे टेकवली. दादा उद्याच्या सामानाविषयी बोलायला लागला, तेवढ्यात आतून पुन्हा आवाज आला.

"म्हणूनच ही देववत नाही."

दादाने सामानाची यादी खाली ठेवली.

"ही माझ्याजवळ राहू दे. द्यायला तर काहीतरी हवंच. मोठी द्या."

"आईसाहेब," धाकटे महाराज म्हणाले, "ठरलं होतं ना? तुम्हीच म्हणालात, त्यांची वाटली तर..."

"वाटली म्हणूनच. बाळ, ती मोठी तुझी शर्यतीची आहे. त्यांची ही. मांडीवर घेता येते."

"मग मोठी मला ठेवू द्या. महापात्राला दुसरं काही..."

"आणि त्यांनी चालायचं?"

याचे उत्तर शास्त्रात होते, दादाने ते सांगायला तोंड उघडले आणि मिटले. आईसाहेब शास्त्राविरुद्ध बोलतच नव्हत्या. त्या त्यातले दोन नियम एकाच वेळी पाळत होत्या. नेहमीप्रमाणे नुकसान तिसऱ्याचे.

परतताना एक्क्यात दादाने उद्याचे दर्भ मोजून पिशवीत ठेवले. मग म्हणाला, "कमळं ठोकू द्यायची होतीस त्याला. छत्र लावू द्यायचं होतंस. देवाचं वाहन म्हणून त्यांनी हात जोडून देऊन टाकली असती. तू नवरा परत आणून दिलास. तो कोणती बाई महापात्राला देईल?"

मी म्हणालो, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मला काय कळतंय चित्रातलं? मला वाटलं, जितकी हुबेहूब तितकी बरी. तुलाही तसंच वाटलं ना?"

तसेच वाटले होते. मुंबईत मला तेवढेच शिकवले होते.

त्या गाडीचे पुढे काय झाले ते इथेच सांगून टाकतो. बर्फवाल्याने तिची मागची बाजू कापली, फळ्या ठोकल्या, आणि एका उन्हाळ्यात मी तिला लक्साच्या रस्त्यावर ओला भुसा गाळत जाताना पाहिले. पुढचा भाग तसाच होता. दाराजवळची रेषा वाकून खाली यायची आणि तिथेच फळीवर आपटायची. दुसऱ्या उन्हाळ्यात ती दिसली नाही. मी चौकशी केली नाही.

तर वर्षश्राद्धाचा दिवस. मोटार अंगणात आणून उभी केली होती, कपाळाला कुंकू लावून. महापात्र आला. अंगाने भारी, मृदू बोलणारा माणूस. त्याचे सगळे आयुष्य लोकांच्या वळवलेल्या माना पाहण्यात गेले होते आणि त्याने ते कोणाच्याही अंगावर येऊ दिले नव्हते. बर्फवाल्याचा चालक फाटकाशी उभा. दादाने पाणी, दर्भ, तीळ मांडले आणि तिथे एक अडचण निघाली. दान देताना वस्तू धरून द्यायची असते. गाय शेपटीला धरून, हत्ती सोंडेला, घोडा कानाला. मोटार कुठे धरायची?

"घोड्याच्या जागी आहे, तेव्हा कान," दादा म्हणाला.

"कान कुठाय तिला?" धाकटे महाराज म्हणाले. रात्रभर झोपले नसावेत.

"दिवे?"

"दिवे म्हणजे डोळे झाले, पंडितजी," महापात्र नम्रपणे म्हणाला.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. या गाडीचे शरीर मलाच पाठ होते. मी म्हणालो, "शेपटीला धरा."

"ती गायीची रीत."

"असू दे. तिथे धरा."

धाकटे महाराज मागे गेले आणि जिथे दोन्ही बाजू मिटत होत्या त्या धारेवर त्यांनी हात ठेवला. दादाने संकल्प सांगितला. मोटारीला त्याने यंत्ररथ म्हटले. पाणी सोडले गेले. महापात्राने स्वस्ति म्हटले, खडावा काढून हातात घेतल्या, आणि संकोचाने, काही बिघडू नये अशा बेताने, डावीकडच्या आसनावर बसला. त्याचा हात दाराच्या काठावर गेला. जाणारच होता, तो काठ तसाच केलेला होता.

महापात्र निघाला की त्याच्याकडे पाहायचे नाही अशी रीत आहे. पाहिले तर मेलेला माणूस मागे वळतो म्हणतात. दादा वळला, धाकटे महाराज वळले, नोकर वळले. मी असल्या गोष्टी मानत नाही. ती गाडी धावताना मी कधी पाहिली नव्हती. दोन महिने उभीच पाहिली होती, आणि ज्याने ती घडवली त्याने ती उभी राहण्यासाठी घडवली नव्हती. मान न वळवायला एवढे कारण पुरेसे होते. तरी मी वळलो. फाटकाकडे पाठ करून सगळ्यांबरोबर ओसरीकडे तोंड करून उभा राहिलो.

मागे यंत्र गुरगुरले. चालकाला सवय नव्हती, गियर दोनदा खरखरला. मग आवाज एकसारखा झाला आणि फाटकातून बाहेर पडला.

आम्ही सगळे ओसरीकडे पाहत होतो, आणि तिथे चिकाच्या दोन पट्ट्या बोटांनी बाजूला झाल्या होत्या. आईसाहेब वळल्या नव्हत्या. आमच्या डोक्यांवरून त्या रस्त्याकडे पाहत होत्या, दादाच्या समोर, रीत धाब्यावर बसवून. दादाने ते पाहिले आणि खाली मान घातली. आवाज सारनाथच्या बाजूला न वळता शहराकडे गेला, लहान झाला, आणि मग एक्क्यांच्या घंटांत मिसळला.

"आता वळायला हरकत नाही," दादा म्हणाला. कोणी वळले नाही. पट्ट्या अजून उघड्याच होत्या.